नखं कापायचा वार

आमच्या ऑफिसच्या खिडकीत भेटीला येणाऱ्यांची वही असते. तारीख, नाव, कोणाला भेटायचंय, नातं, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. बाकीचे रकाने लोक भराभर भरतात, पण ‘नातं’ या रकान्यापाशी पेन थांबतं. परवा एक बाई आईला भेटून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “ताई, आत जाताना मी मुलगी लिहिलं होतं. आई मला तिची नणंद समजली आणि चांगली तासभर भांडली. खोडू का?” मी म्हटलं, “राहू द्या. वही आईंची नाही, माझी आहे.”

मी नर्स नाही. भाईंदर पश्चिमेला राई-मुर्ध्याच्या रस्त्यावर, मिठागरं आणि तिवरं जिथे सुरू होतात तिथे एक जुना बंगला आहे, त्यात आमचं केंद्र. सव्वीस खाटा. बहुतेक सगळे स्मृतिभ्रंशाचे. मी हिशेब, पावत्या, औषधांची बिलं, फोन आणि ही वही सांभाळते. २०१४ साली लागले. त्याआधी अठरा वर्षं भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात चलनं लिहीत होते. तो कारखाना बंद झाला आणि शेजारणीच्या ओळखीनं इथे आले. दोन महिने करून बघू, असं तेव्हा म्हटलं होतं.

प्रवेशाचा फॉर्म भरायला येणारा मुलगा किंवा मुलगी पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य हमखास बोलते, “आम्ही त्यांना टाकायला आलेलो नाही हं.” बँकेत पैसे टाकतात, पेटीत पत्र टाकतात, मूलसुद्धा शाळेत टाकतात, तेव्हा त्या शब्दाला कुणी दचकत नाही. आईबापांना लागला की तोच शब्द काट्यासारखा टोचतो. आणि तो बोलणारे असतात कोण? गावचा चुलता, मजल्यावरची शेजारीण, वर्षातून एकदा येणारी परदेशातली बहीण. ज्यानं तीन वर्षं घरी काढली, गॅस चालू राहिलेला पाहिला, रात्री अडीच वाजता जिन्यात उभ्या असलेल्या आईला परत आणलं, वडील विरारच्या गाडीत बसून गेले म्हणून पोलीस ठाण्यात फोटो दिला, तो माणूस हा शब्द स्वतःहून कधी उच्चारत नाही. त्याला तो दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावा लागतो.

पूर्वी याला नाव नव्हतं. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणायचे, म्हातारचळ म्हणायचे, आणि सुनेनं जेवायला दिलं नाही असं सासू दारोदार सांगत सुटली की दोष सुनेला. आमच्याच मीरा रोडला शैलेश मिश्रा यांनी २००८ साली सिल्व्हर इनिंग्ज ही संस्था सुरू केली, तेव्हा आमच्या इमारतीत डिमेन्शिया हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनं साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना तो आहे असं सांगितलं, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आमच्या खाटा सव्वीस. फोन घ्यायला मीच असते, त्यामुळे प्रतीक्षायादीत नाव घातल्यावर पलीकडे जी शांतता पसरते ती मला ठाऊक आहे.

इथे येऊन तीनेक वर्षं झाल्यावर मला एक खोड लागली. हिशेबनीसच मी, वहीतल्या ‘गेल्याच्या वेळे’तून ‘आल्याची वेळ’ वजा करत बसायचे. एका आजींची मुलगी दर गुरुवारी यायची. आजी मुंबईच्या टेलिफोनमध्ये ऑपरेटर होत्या, हातात टीव्हीचा रिमोट दिला की कानाला लावायच्या. मुलीच्या भेटी सुरुवातीला चाळीस मिनिटांच्या, मग पंचवीस, मग पंधरा. एका गुरुवारी नऊ. त्या नऊ मिनिटांत काय झालं ते मी दारातून पाहिलं होतं. मुलगी आईसमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “सांग बघू, मी कोण?” आजी हसल्या. “अगं, सांग ना. मी कोण? माझं नाव काय?” आजींचं हसू हळूहळू उतरलं. “बरं, नातवाचं नाव सांग. आज वार कुठला?”

प्रवेशाच्या वेळी डॉक्टर तीस गुणांची एक चाचणी घेतात. आज तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, हे तीन शब्द लक्षात ठेवा आणि थोड्या वेळानं सांगा. तेवढी परीक्षा पुरते. मुलं मात्र ती दर भेटीला घेतात, नापास झालेल्याला पुन्हा त्याच पेपरला बसवतात. वाईट असं की परीक्षा विसरली जाते, नापास झाल्याची भावना विसरली जात नाही. आमचे डॉक्टर सांगतात की नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग बहुधा लवकर खराब होतो, भीती-आनंदाची भावना मात्र बराच काळ टिकते. त्या गुरुवारी मुलगी गेली, ती आली होती हे आजी दहा मिनिटांत विसरल्या, आणि संध्याकाळभर रडत होत्या. का रडताय, तर सांगता येईना.

वजाबाकीतून मला दुसरीही गोष्ट दिसली. उत्तनच्या एका कोळी बाईंची मुलगी दर बुधवारी यायची. मासळीचा धंदा, सकाळी भाईंदरच्या बाजारात पाटी, दुपारी इथे. तिची भेट दीड तासाच्या खाली कधी आली नाही. ती काही विचारायचीच नाही. आल्याबरोबर आईच्या मागे बसायची, केस सोडायची, तेल घालायची, गुंता काढायची, अंबाडा बांधायची, आणि हात चालू असताना दोघी मिळून मराठीत रोझरी म्हणायच्या. आईला मुलीचं नाव सांगता येत नव्हतं, पण प्रार्थनेत मुलगी अडखळली तर आई पुढचा शब्द द्यायची. एक सून सासऱ्यांना पेपर वाचून दाखवायची, तीही टिकली. टिकले नाहीत ते रिकाम्या हातांनी बोलायला येणारे. समोर बसून बोलायला दोन्हीकडे आठवणी लागतात.

मग मी टेलिफोन आजींच्या मुलीला घाबरत घाबरत म्हटलं, “पुढच्या गुरुवारी त्यांच्या दहा-बारा जुन्या साड्या घेऊन या. घड्या मोडून आणा.” ती माझ्याकडे बघत राहिली. पण घेऊन आली. दोघींनी साडीची दोन-दोन टोकं धरली, झटकली, जुळवली. पस्तीस मिनिटं. आजी मध्येच म्हणाल्या, “ही पैठणी माझ्या लेकीला द्यायची आहे, तुम्ही तिला सांगा.” बाहेर आल्यावर मुलीनं वहीत वेळ लिहिली आणि खिडकीबाहेरच्या बाकावर बसून राहिली. मी तिला पाणी दिलं. मला बोलायला काही सुचलं नाही, आणि ते बरंच झालं.

आता ज्यांच्याबद्दल खरं लिहायचंय ते अण्णा.

अण्णा २०१९ मध्ये आले. मूळचे पाटणकडचे. वयाच्या अठराव्या वर्षापासून लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. संप मिटलाच नाही, गिरणी गेली, चाळीतली खोली गेली, आणि १९८९ मध्ये भाईंदर पूर्वेला एक खोली-स्वयंपाकघर घेऊन ते कुटुंबासकट इथे आले. नोकरी? स्टीलच्या भांड्यांना बफिंग करायची. मुलानं फॉर्ममध्ये ‘पूर्वीचा व्यवसाय’ या ओळीत बफिंग लिहिलं तेव्हा मी मान वर करून पाहिलं. कारखान्यातली ती माणसं मी अठरा वर्षं पाहिली होती. फिरत्या चाकावर डबा दाबून धरायचा, पॉलिशची काळी राळ नाकातोंडात, संध्याकाळी फक्त डोळ्यांचं पांढरं दिसायचं. हातांवरच्या रेषा झिजून जायच्या. अण्णांच्याही गेल्या होत्या. आधारच्या यंत्रावर त्यांचा अंगठा एकदाही उमटला नाही.

अण्णांनी पहिल्या आठवड्यात चार चादरी उसवल्या. कड पकडायची, धागा शोधायचा, ओढायचा, आणि तुटला की दोन टोकं जुळवून बारीक गाठ मारायची, एवढी बारीक की बोट फिरवलं तर लागणार नाही. औषधांच्या नोंदीत दोन दिवस ‘अस्वस्थ, चादर फाडतात’ असं आलं. हातात मोजे घालावेत अशी सूचनाही झाली. मुलानं ते ऐकलं आणि म्हणाला, “ताई, ते फाडत नाहीत. ते धागा सांधताहेत.” दुसऱ्या दिवशी त्यानं सुताची चार बंडलं आणून दिली. चादरी वाचल्या. पहाटे पाचला उठून पहिल्या पाळीला जायची त्यांची घाई मात्र तशीच राहिली. आमचा तेव्हाचा रात्रपाळीचा मुलगा जव्हारकडचा, वारली. तो त्यांना सांगायचा, “अण्णा, अजून भोंगा नाही झाला.” मग ते परत आडवे व्हायचे. हे वाक्य त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्यानं अण्णांच्या बोलण्यातूनच उचललं होतं.

दिवस मावळायला लागला की आमच्याकडे फाटकाशी गर्दी होते. पिशवीत टॉवेल, एक चप्पल, कधी पाण्याचा तांब्या. “घरी जायचंय.” डॉक्टरांकडे या संध्याकाळच्या घालमेलीला नाव आहे, औषधही आहे, थोडंफार. मुलांचा चेहरा या वाक्यानं सगळ्यांत जास्त पडतो. अण्णांचा मुलगा एकदा त्यांना खरोखरच रिक्षात घालून भाईंदर पूर्वेच्या खोलीवर घेऊन गेला. तीस वर्षं राहिलेलं घर. अण्णा उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, “ह्ये कुणाचं घर? चल, आपल्या घरी जाऊ.” त्यांचं घर लालबागच्या चाळीतलं, तिसऱ्या मजल्यावरचं, जे आता नाही. कुणाचं गिरगावात असतं, कुणाचं वसईच्या वाडीत. भाईंदरच्या फ्लॅटला घर म्हणणारा मला अकरा वर्षांत एकच भेटला, आणि तो बिल्डर होता.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या एका वृद्धाश्रमानं फाटकाबाहेर खोटा बसथांबा उभारला होता, बस कधीच न येणारा. घरी निघालेली माणसं तिथे बसायची, थोड्या वेळानं कशाला बसलो तेच विसरायची आणि चहाला परत यायची. आमच्याकडे ते वाचून चर्चा झाली. मला पटलं नाही. खोटं बोलायला माझा विरोध नाही, दिवसाला पंचवीस खोटी वाक्यं मीही बोलते. पण ज्या माणसांनी उभा जन्म लोकलची वाट बघण्यात घालवला, त्यांना म्हातारपणी पुन्हा थांब्यावर बसवायचं? आम्ही फाटकाशी एक बाक ठेवला आणि तिथे संध्याकाळी निवडायला पालेभाजी देतो. मेथी असली तर अर्धा तास जातो. त्या जुडीचे देठ कधी कधी भाजीत येतात आणि पानं कचऱ्यात जातात, पण चालतं.

मार्च २०२० ते पुढच्या वर्षापर्यंत माझ्या वहीची पानं कोरी आहेत. फाटक बंद. काम करणारी पोरं आतच राहिली, मी घरून फोन घ्यायचे. व्हिडिओ कॉल लावून दिले तर अण्णा फोनच्या मागे बघायचे, एवढ्याशा डब्यात पोरगा कुठे लपलाय म्हणून. टेलिफोन आजींना चित्र नको असायचं, नुसता आवाज आला की त्या नीट बोलायच्या. लोकांना परत आत सोडायला लागलो तेव्हा बरेच जण पुढच्या पायरीवर गेले होते. हा आजार पुष्कळदा जिन्यासारखा उतरतो, दोन पायऱ्यांमध्ये सपाटी असते आणि ती सपाटी कायमची आहे असं घरच्यांना वाटायला लागतं. अण्णांचा मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा ते त्याला ‘साहेब’ म्हणाले आणि उठून उभे राहिले.

तो डोंबिवलीला राहतो. एका खासगी कंपनीत आहे, शनिवारी अर्धा दिवस. शनिवारीच यायचा, दोनच्या सुमाराला. अण्णांची नखं वाढलेली दिसली म्हणून त्यानं खिशातून नेलकटर काढलं. अण्णांनी हात मागे घेतला. त्यानं पुन्हा धरला, अण्णांनी झटकला आणि खुर्चीसकट मागे सरकले. पुढच्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी मुलानं जरा जोर केला, तेव्हा अण्णा ओरडले, आणि नोंदीत ‘आक्रमक’ असा शब्द पडला. हा शब्द एकदा नोंदीत आला की गोळी वाढायला वेळ लागत नाही.

चौथ्या शनिवारी मी तिथेच होते, पावतीवर सही घ्यायला गेले होते. मुलानं नेलकटर काढलं. अण्णा त्याच्याकडे बघत अगदी शांतपणे, एखाद्या लहान पोराला सांगावं तसं म्हणाले, “आरं, शनवार हाय न्हवं? शनवारी नखं काढू न्हाई.”

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. तीस गुणांच्या चाचणीत अण्णांना वार सांगता आला नव्हता, साल सांगता आलं नव्हतं, समोर बसलाय तो आपला मुलगा हे सांगता येत नव्हतं. मग शनिवार कसा कळला? मी नंतर त्यांच्या खुर्चीवर बसून पाहिलं. समोरच्या भिंतीवर मारुतीची तसबीर आहे. शनिवारी तिला रुईच्या पानांचा हार असतो.

“माझी आजी असंच म्हणायची,” मुलगा म्हणाला. “गावाला. शनिवारी नाही, दिवे लागल्यावर नाही.” आणि तो हसायला लागला. असा हसला की अण्णांनाही हसू आलं. त्या दिवशी तो दोन तास बसला. जाताना म्हणाला, “ताई, उद्यापासून माझा वार रविवार.”

तेव्हापासून रविवार. चहा, मग कोमट पाणी, मग नखं. दहा बोटांना दहा दिवसही पुरू नयेत इतक्या हळू. दर आठवड्याला कापण्याएवढी नखं वाढत नाहीत हे दोघांनाही कळत असावं, कारण नंतर नंतर तो नुसतं घासायचा, बोटांना तेल लावायचा, बफिंगनं गुळगुळीत झालेल्या टोकांवरून अंगठा फिरवायचा. त्याच्या वेळांची वजाबाकी मी सोडून दिली.

दरवर्षी नोव्हेंबरात आमच्या ऑफिसात निराळीच गडबड असते. हयातीचे दाखले. जे पेन्शनर आहेत त्यांनी जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा. टेलिफोन आजींची सही बँकेतल्या सहीशी जुळेना. बोटाचे ठसे यंत्र घेईना. २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला काढता येतो, पण ते ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं, आणि आजींना ‘डोळे मिटा’ म्हटलं की त्या झोपायला जायच्या. शेवटी मोबाइलच्या मागे एक मावशी उभी राहिली आणि जोरजोरात डोळे मिचकावू लागली. आजींना गंमत वाटली, त्यांनीही मिचकावले. दाखला मिळाला. सरकारदरबारी आजी आणखी एक वर्ष हयात.

कागदांचं हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते, आणि दर वेळी उशीर झालेला असतो. मुखत्यारपत्र आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. देणाऱ्याची बुद्धी शाबूत आहे तोवरच त्या कागदाला जीव आहे, हे त्यांना वकील सांगतो तेव्हा इकडे फ्लॅट आईच्या नावावर आणि आईला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांचे निर्णय घ्यायला प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांपुरता. घर, मुदतठेवी यांच्यासाठी माणसं मुंबई उच्च न्यायालयात जातात, न्यायालयानं मुलांना आईवडिलांचे पालक नेमल्याचे निकाल आहेत. आईबापांचे पालक. ‘नातं’ या रकान्यात तो शब्द लिहिणारे एक गृहस्थ आमच्याकडे आहेत, गमतीनं नव्हे, हुकूमच तसा आहे. वकिलाला किती गेले ते त्यांनी मला पावतीसारखं तपशीलवार सांगितलं होतं. सगळं ठीक चाललेलं असताना या गोष्टी बोलायच्या असतात. पण आपल्याकडे असा विषय काढला की म्हातारं विचारतं, “मी कधी मरतो याची वाट बघताय का?” त्यालाही कसं चूक म्हणणार?

आतल्या कामाचं मी पाहून पाहून शिकले. एकाएकी कुणी मारायला उठलं तर आधी लघवीची तपासणी करायची. एका काकांनी दोन दिवसांत सगळ्यांना शिव्या घातल्या, त्यांना जंतुसंसर्ग झाला होता, पाच दिवसांच्या औषधानं शिव्या गेल्या. शॉवरला घाबरणारी माणसं बादली-तांब्यानं मुकाट्यानं आंघोळ करतात, डोक्यावर वरून अचानक पाणी पडणं त्यांच्या जन्मात नव्हतं. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात दिसत नाही, वरण घातलं की दिसतो. काळं पायपुसणं खड्ड्यासारखं वाटतं. हे सगळं पोरी-पोरांना माहीत असतं, घरच्यांना नसतं, आणि पगार बघितला तर शरम वाटावी इतका.

‘अस्तु’ सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा, २०१३ चा. मोहन आगाश्यांनी केलेले संस्कृतचे पंडित हत्तीमागून निघून जातात तो. लोक त्यातल्या मुलीच्या जागी स्वतःला बघून रडतात. मला त्यातली माहुताची बायको जवळची वाटते. अमृता सुभाषला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. तिची भाषा कानडी, म्हाताऱ्याची मराठी-संस्कृत, आणि तरी ती त्याला लेकरासारखं सांभाळून घेते. आमच्याकडे रोज तेच चाललेलं असतं. माणसं मागाहून शिकलेली भाषा आधी विसरतात. आयुष्यभर फाडफाड इंग्रजी बोललेले एक गृहस्थ आता फक्त तुळू बोलतात, त्यांच्या मुलांनाही ती येत नाही. त्यांना भरवते डहाणूची मुलगी. ती तिच्या बोलीत काहीबाही बोलत राहते, आणि ताट रिकामं होतं.

गेल्या पावसाळ्यात अण्णा पडले. मोडलं काही नाही, पण उठले ते पलंगापुरतेच. मग ठसका सुरू झाला. पाणी पातळ, ते चुकीच्या वाटेनं जातं, त्यापेक्षा पेज आणि गुरगुट्या भात सोपा. वजन उतरत गेलं. गावाहून मुलाचा थोरला भाऊ आला, तीन वर्षांनी. त्याचं म्हणणं, नाकातून नळी घाला, बापाला उपाशी मारता काय. डॉक्टरांनी समजावलं की या टप्प्यावर नळीनं आयुष्य वाढतं असं दिसत नाही, ठसका थांबत नाही, आणि नळी ओढू नये म्हणून हात बांधावे लागतात. हात बांधायचे म्हटल्यावर धाकटा खुर्चीतून उठला. एवढंच म्हणाला, “हात नाही.” थोरला खिडकीपाशी येऊन माझ्याकडे हिशेब मागायला लागला, आजवर किती भरले, कुणी भरले. मी खातं उघडून दाखवलं. सगळ्या पावत्या एकाच नावाच्या होत्या. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “जरा पाणी मिळंल का?” नळी घातली नाही. चमच्यानं भरवतात, जेवढं जाईल तेवढं. एका वाटीला पाऊण तास लागतो.

आता अण्णांच्या मुठी वळल्या आहेत. या आजारात शेवटी स्नायू आखडतात, मूठ मिटते ती मिटतेच, आणि नखं तळव्यात रुततात. आधी जे काम वेळ घालवायला होतं ते आता खरोखर लागतं. तळव्यात जखम झाली तर चिघळायला वेळ लागत नाही. म्हणून रविवारी मूठ आधी कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, पंधरा-वीस मिनिटं, मग मुलगा करंगळीपासून सुरुवात करतो. एक बोट सुटलं की त्याखाली सुती कापडाची गुंडाळी सरकवायची, मग पुढचं. जोर करायचा नाही. हे त्याला फिजिओथेरपीच्या बाईंनी दाखवलं, पण तो म्हणतो की मला साच्यावरचा धागा सोडवताना अण्णांनी शिकवलं होतं, ओढशील तर तुटंल.

परवाच्या रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक होता. मुलगा नेहमी दादरवरून येतो, त्या दिवशी ठाण्याहून घोडबंदर रस्त्यानं निघाला. साडेतीनला फोन आला, गायमुखला अडकलोय. सव्वाचारला पुन्हा, अजून तिथेच. जव्हारच्या पोरानं चार वाजता सवयीनं अण्णांची मूठ पाण्यात ठेवली होती. ते पाणी निवलं. त्यानं मूठ पुसून कोरडी केली, टॉवेलात गुंडाळून छातीवर ठेवली, पुन्हा तासाभरानं भांडं भरून आणलं. तेही निवलं. साडेपाचला तो ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला.

“ताई, दिवे लागल्यावर नाही चालत ना?”

मी मागच्या खिडकीतून पाहिलं. मिठागराच्या पाण्यावर अजून ऊन होतं.

“उजेड आहे अजून. ठेव पाणी गरम करायला.”